ट्रायपॉडवरचा कॅमेरा का थरथरतो?

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसणार होते. चंद्र पृथ्वीच्या सावलीत पूर्णपणे बुडालेला राहण्याची अवस्था सुमारे ८२ मिनिटांची होती. अशा रात्री हौशी मंडळी गच्चीवर किंवा मैदानात ट्रायपॉड मांडतात, त्यावर कॅमेरा घट्ट बसवतात आणि बटण दाबतात. कॅमेरा हातात नाही, म्हणजे तो हलणार नाही, अशी त्यांची खात्री असते. पण घरी येऊन चित्र मोठे करून पाहावे, तर चंद्राची कडा दुहेरी आणि त्यावरची विवरे पुसलेली! ग्रहण काही पुन्हा दुसऱ्या दिवशी होत नाही. मग हा कॅमेरा हलवला कोणी? तुम्ही नव्हे, वाऱ्यानेही नव्हे. बहुतेक वेळा तो स्वतःच हलतो. ते कसे, आणि त्याला आवर कसा घालायचा, हे आपण या लेखात पाहू या.

कॅमेऱ्याच्या पोटात काय घडते?

ज्याला एस.एल.आर. म्हणतात त्या प्रकारच्या कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे ४५ अंशांत कललेला एक लहान आरसा असतो. भिंगातून आलेला प्रकाश हा आरसा वर पाठवतो, म्हणून आपल्याला दृश्य दिसते. बटण दाबले की आरसा झटकन वर उडतो आणि वरच्या पट्टीवर आपटतो. त्यानंतर शटरचा पहिला पडदा सरकतो व फिल्मवर किंवा संवेदकावर प्रकाश पडू लागतो. ठरलेला वेळ संपला की दुसरा पडदा सरकून प्रकाश बंद करतो. आपण ऐकतो तो ‘खटॅक’ असा आवाज या सगळ्या धावपळीचा असतो.

ही धावपळ किती वेगाची असते? आजच्या अनेक कॅमेऱ्यांत शटरचा पडदा २४ मिलिमीटरचे अंतर साधारणपणे ४ सहस्रांश सेकंदात पार करतो. म्हणजे त्याचा सरासरी वेग सेकंदाला ६ मीटर झाला. एवढ्या वेगाने सायकल चालवणारा मुलगा भिंतीवर आदळला तर काय होईल? इथे तर पडद्याला अवघ्या काही मिलिमीटरांत थांबायचे असते.

आता न्यूटनचा तिसरा नियम आठवा. आरसा वर जाताना कॅमेऱ्याला खाली ढकलतो आणि वर आपटला की कॅमेऱ्याला वर ठोसा देतो. समजा, आरशाचे वस्तुमान ५ ग्रॅम आणि कॅमेऱ्याचे १ किलोग्रॅम आहे. आरशाचा मध्य १५ मिलिमीटर वर गेला, तर मोकळा सोडलेला कॅमेरा त्याच्या दोनशेवा भाग, म्हणजे ०.०७५ मिलिमीटर खाली जाईल. ही आपल्या डोक्यावरच्या केसाची जाडी झाली.

‘एवढेच ना?’ असे तुम्ही म्हणाल. चंद्रासारख्या दूरच्या वस्तूच्या बाबतीत कॅमेरा नुसता वरखाली सरकला तर खरोखरच काही बिघडत नाही. पण कॅमेरा खालच्या बाजूला एकाच स्क्रूने ट्रायपॉडला जोडलेला असतो आणि आरशाचा ठोसा त्याच्या बराच वर बसतो. त्यामुळे कॅमेरा सरकतो, तसाच कलतोही. खरा घात होतो तो या कलण्यामुळे.

अर्ध्या केसाने पुसलेले विवर

थोडे गणित करू. आकाशात चंद्राचा व्यास सुमारे अर्ध्या अंशाचा दिसतो. २०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाने त्याची प्रतिमा जेमतेम १.८ मिलिमीटर व्यासाची पडते. संवेदकावरचे पिक्सेल ४ सहस्रांश मिलिमीटर रुंदीचे असतील, तर या प्रतिमेच्या व्यासावर ४५० पिक्सेल बसतात. चंद्राचा खरा व्यास ३४७६ किलोमीटर आहे. तेव्हा एका पिक्सेलमध्ये सुमारे ८ किलोमीटरचा चंद्र मावला. टायको हे प्रसिद्ध विवर ८५ किलोमीटर रुंद आहे. ते आपल्या चित्रात ११ पिक्सेल जागा व्यापील.

आता कॅमेरा इतका कलला की प्रतिमा १० पिक्सेल सरकली, तर टायको पुसले गेलेच म्हणून समजा. त्यासाठी किती कलावे लागते? २० सेंटिमीटर लांबीच्या भिंगाचे टोक ०.०४ मिलिमीटर हलले की पुरे. केसाची जाडी ०.०७ मिलिमीटर धरली, तर हे अंतर केसाच्या जाडीच्या साधारण निम्मे झाले! भिंग जितके जास्त नाभीय अंतराचे, तितका हा परिणाम वाढतो. म्हणूनच साध्या भिंगाने न जाणवणारी थरथर दूरवेधी भिंगाने उघडी पडते.

ट्रायपॉड म्हणजे एक स्प्रिंगच

ट्रायपॉड दिसायला भक्कम असला, तरी त्याचे पाय थोडे वाकतात व पुन्हा सरळ होतात. म्हणजे तो एक ताठ स्प्रिंगच आहे आणि कॅमेरा हे त्यावर ठेवलेले वजन. स्प्रिंगवरच्या वजनाला टिचकी मारली की ते एका ठरावीक वारंवारतेने कंप पावते आणि हळूहळू थांबते. कंप विरत जाण्याच्या या क्रियेला अवमंदन म्हणतात. देवळातली घंटा वाजवून सोडली तर नाद बराच वेळ घुमतो, पण तिला हात लावला की लगेच थांबतो. घंटेचे अवमंदन कमी असते आणि आपला हात ते वाढवतो. धातूचा हलका ट्रायपॉड हा या घंटेच्याच जातीचा असतो.

कोणता वेळ धोक्याचा?

उदाहरणादाखल धरून चालू की आपला ट्रायपॉड सेकंदाला २० कंपने करतो आणि ती अर्ध्या सेकंदात विरतात. एका कंपनाला १/२० सेकंद लागतो. शटर उघडे राहण्याच्या वेळेला आपण प्रकाशनकाल म्हणू. आता तीन प्रसंग पाहा.

पहिला प्रसंग: प्रकाशनकाल १/१००० सेकंद. तेवढ्या वेळात एका कंपनाचा पन्नासावा भागच पुरा होतो. प्रतिमा फार तर कंपनाच्या आयामाच्या आठव्या भागाइतकी सरकते. चित्र स्वच्छ येते.

दुसरा प्रसंग: प्रकाशनकाल ४ सेकंद. त्यातला पहिला अर्धा सेकंद कॅमेरा थरथरतो. उरलेले साडेतीन सेकंद तो स्थिर असतो. एकूण प्रकाशापैकी सात अष्टमांश प्रकाश योग्य जागी पडतो आणि थरथरीचा पुसट ठसा त्याखाली झाकून जातो.

तिसरा प्रसंग: प्रकाशनकाल १/१५ सेकंद. आरसा नुकताच आपटला आहे, कंपन अगदी जोरात आहे आणि शटर नेमके एका पूर्ण कंपनाहून थोडा अधिक वेळ उघडे आहे. सगळा प्रकाश हलत्या प्रतिमेचाच! हा खरा धोक्याचा प्रसंग.

तेव्हा फार कमी आणि फार जास्त प्रकाशनकाल सुरक्षित असतात. मधला पट्टा वाईट. ढोबळमानाने १/६० सेकंदापासून १ सेकंदापर्यंत विशेष सावध राहावे. ‘हळू शटर म्हणजे जास्त हललेले चित्र’ हा नियम हातातल्या कॅमेऱ्याला लागू पडतो, ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्याला जसाच्या तसा नाही.

ग्रहणात पेच पडतो तो इथेच. पौर्णिमेचा चंद्र म्हणजे उन्हात चमकणारा खडकच. त्याला १/२५० सेकंद पुरतो. पण ग्रहणात त्याचे तेज हजारो पटींनी उतरते आणि प्रकाशनकाल वाढवत वाढवत आपण बरोबर त्या वाईट पट्ट्यात शिरतो. मग सरळ ४ सेकंद का देऊ नयेत? कारण पृथ्वी फिरते आहे! तिच्या फिरण्यामुळे वरच्या हिशोबातली चंद्राची प्रतिमा दर सेकंदाला सुमारे साडेतीन पिक्सेल सरकते. ४ सेकंदांत ती १४ पिक्सेल सरकेल आणि टायको पुन्हा पुसले जाईल. वेळ वाढवून थरथरीतून सुटका नाही. थरथरच थांबवली पाहिजे.

उपाय तीन प्रकारचे

पहिला प्रकार: कंपन सुरूच होऊ देऊ नका. बटण बोटाने दाबू नका; केबल रिलीज किंवा रिमोट वापरा. १९५४ च्या असाहिफ्लेक्स २-बी या जपानी कॅमेऱ्यात चित्र घेतल्यावर आरसा आपोआप खाली येण्याची सोय झाली. तिने काम सोपे केले. पण आरसा वरच अडकवून ठेवता यावा अशीही गरज होतीच. १९५९ च्या निकॉन एफ कॅमेऱ्यात ती सोय होती. तुमच्या कॅमेऱ्यात ‘मिरर लॉक-अप’ असेल, तर आरसा आधी वर करून दोन-तीन सेकंद थांबा आणि मगच शटर सोडा. आजच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यात आरशाचा प्रश्न नाही, पण शटरच्या पडद्यांचा धक्का उरतो. पहिल्या पडद्याचे काम विजेच्या साहाय्याने करण्याची सोय असल्यास ती वापरावी. मोबाइलमध्ये तर असा पडदाच नसतो. तिथे धक्का बसतो तो आपल्या बोटाचा. त्यावर टायमर हा सोपा उपाय आहे.

दुसरा प्रकार: कंपन विरेपर्यंत थांबा. प्रकाशनकाल अर्धा सेकंद किंवा अधिक असेल, तर काळ्या पुठ्ठ्याची जुनी युक्ती उपयोगी पडते. पुठ्ठा भिंगासमोर, पण त्याला न लावता, धरा. शटर उघडा. दोन सेकंद थांबा. पुठ्ठा चटकन बाजूला करा, हवा तेवढा वेळ मोजा, पुन्हा पुठ्ठा आड धरा आणि मग शटर बंद करा. खरे शटर झाला तो पुठ्ठा, आणि तो कॅमेऱ्याला शिवलेलाही नाही!

तिसरा प्रकार: ट्रायपॉड ताठ करा व अवमंदन वाढवा. दांडी दुप्पट लांब केली की ती तेवढ्याच भाराने आठपट वाकते. म्हणून मधला दांडा वर काढू नका आणि पायांचे सर्वांत बारीक भाग शेवटी उघडा. ट्रायपॉडला मधोमध पिशवी अडकवा, पण ती जमिनीला किंचित टेकू द्या. नाहीतर तिचा झोपाळा होईल. कापडी पिशवीत मूग किंवा वाळू भरून ती भिंगावर ठेवा. दाणे एकमेकांवर घासतात आणि कंपनाची ऊर्जा उष्णतेत जिरते. गळ्यात अडकवायचा पट्टा काढून ठेवा, तो वाऱ्याने फडफडतो. गच्चीवर असाल तर चित्र घेताना कोणी चालू नये. भिंगातील किंवा कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाची यंत्रणा ट्रायपॉडवर बंद ठेवावी, असे अनेक माहितीपुस्तिका सांगतात, तेही पाळा.

करून पाहा

एक: पोलादी पट्टी टेबलाच्या कडेवर दाबून धरा. १० सेंटिमीटर बाहेर ठेवून टोकाला लहान वजन टांगा आणि टोक किती झुकते ते मोजा. मग २० सेंटिमीटर बाहेर ठेवून तेच करा. आठपटीच्या जवळ उत्तर येते का?

दोन: मोबाइल ट्रायपॉडवर बसवा. पाच मीटरवर वर्तमानपत्राचे पान लावा व झूम वाढवून चलच्चित्र घ्या. स्थिरीकरण बंद करता येत असेल तर करा. दोऱ्याला गोटी बांधून लोलक तयार करा आणि तो दर वेळी सारख्याच कोनातून सोडून ट्रायपॉडच्या पायावर आदळू द्या. म्हणजे प्रत्येक ठोसा सारखा बसेल. नंतर चलच्चित्र एकेक चौकट पुढे सरकवत किती चौकटींपर्यंत अक्षरे हलतात ते मोजा. सेकंदाला ३० चौकटी असतील तर १५ चौकटी म्हणजे अर्धा सेकंद. आता मधला दांडा खाली करून, पिशवी टांगून, मुगाची पिशवी ठेवून हाच प्रयोग करा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि कोष्टक तयार करा. शिक्षकांना वर्गाचे गट पाडून हा प्रयोग एका तासिकेत सहज घेता येईल.

या कोष्टकातून तुमच्या ट्रायपॉडला शांत व्हायला किती वेळ लागतो हे तुम्हाला कळेल. हा आकडा विकत घेतलेल्या पुस्तकात मिळत नाही, कारण तो तुमच्या ट्रायपॉडचा व तुमच्या कॅमेऱ्याचा असतो. तो वहीत लिहून ठेवा. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री भारतातून पुन्हा एक खग्रास चंद्रग्रहण दिसणार आहे. तोवर सराव करायला भरपूर पौर्णिमा आहेत.