डोंगरी सायकलीचा ब्रेक कां किंचाळतो?



घरांतील दाराची बिजागरी करकरूं लागली कीं आपण तिला तेलाचे दोन थेंब देतो, आणि ती गप्प बसते. परंतु डोंगरी सायकलीचा चकती-ब्रेक, ज्याला बाजारांत डिस्क-ब्रेक म्हणतात, तो किंचाळूं लागला असतां कोणीं हाच घरगुती उपाय केला, तर ब्रेकची पकड जाईल आणि सायकल थांबेनाशी होईल. घाटाच्या उतारावर याचा अर्थ काय, हें सांगावयास नको. म्हणून आज या विषयाचा थोडा विचार करूं.

या सायकलीचा खेळ अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील मरीन परगण्यांत वाढीस लागला. तेथें १९७६ सालीं ज्या उतारावर शर्यती सुरू झाल्या, त्याचें नांवच ‘रिपॅक’ पडलें. त्या काळचा, पायडल उलट दाबून लागणारा ब्रेक उतरतांना इतका तापे कीं त्यांतील वंगण जळून जाई व तें पुन्हां भरावें लागे. आजच्या चकती-ब्रेकचा न्याय उलटा आहे. त्याच्या चकतीला वंगणाचा स्पर्शहि वर्ज्य आहे.

चाकाच्या मध्याशीं पोलादाची पातळ चकती बसविलेली असते. दांडा दाबतांच दोन पॅड तिला दोन्ही अंगांनीं चिमटींत धरतात. घर्षण एकसारखें असेल तर चाक मुकाट्यानें मंदावतें. तें विषम झालें म्हणजे पॅड क्षणभर चिकटतो, लगेच सुटतो. हें सेकंदांत शेंकडों वेळां घडून चकती थाळीसारखी झणझणते. सारंगीच्या तारेवर गज फिरतांना हेंच घडतें. तेथें मात्र तें कानांस गोड लागतें!

आतां आवाजावरून दोष ओळखावा. चाक मोकळें फिरत असतां खस्-खस् असा घासल्याचा आवाज आला, तर पॅड धरणारी पकड बाजूला सरकलेली असते. तिचे दोन बोल्ट किंचित् सैल करून दांडा दाबून धरावा व तसेंच ते आवळावे. आवाज फेऱ्यागणिक एकदांच येत असेल, तर चकती वांकलेली समजावी; ती मिस्त्रीकडून सरळ करून घ्यावी. पावसांत ओल्या चकतीचा आवाज ती सुकतांच बहुधा थांबतो. मात्र दाबतांना धातूवर धातू खरडल्यासारखें वाटलें, तर पॅड झिजून संपले आहेत. सायकल तेथेंच थांबवावी.

राहिली ती कर्कश किंकाळी. तिच्याबरोबर ब्रेकहि ढिला वाटला, तर चकतीवर तेल गेलें आहे असें समजावें. सांखळीवर फवारलेलें तेल किंवा बोटांचा तेलकटपणाहि यास पुरतो. चकती थंड झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल व स्वच्छ कापड यांनीं पुसावी. पॅड काढून काचकागदावर हलके घासावे. तेल आंत मुरलें असेल, तर दोन्ही पॅड नवे घालावे; येथें काटकसर महाग पडते. चकतीची जाडीहि तपासावी. किमान जाडी पुष्कळदां तिच्यावरच कोरलेली असते. अनेक चकत्यांची ती १.५ मिलिमीटर असते.

नव्या पॅडांना संवय लावावी लागते. मोकळ्या सपाट रस्त्यावर वेग घेऊन, चाक न अडवितां, चालण्याच्या गतीपर्यंत तो उतरवावा. असें वीसेक वेळां करावें. यामुळें पॅडाचा सूक्ष्म थर चकतीवर सारखा बसतो, पकड वाढते व आवाज कमी होतो.

इतकें करूनहि तक्रार राहिली, किंवा पकडीजवळ द्रव पाझरतांना दिसला, तर जाणत्या कारागिराकडे जावें. मुलांच्या हातीं सायकल देणाऱ्या वडील मंडळींनीं एवढें घरांत अवश्य सांगून ठेवावें: ब्रेक ओरडूं लागला कीं आधीं कारण शोधा, आणि तेलाची बुधली सांखळीपुरतीच ठेवा.