ट्यूबने थेट जंगलात!

लंडनला शिकायला गेलात की बिग बेन, लंडन आय होतंच. एक रविवार एपिंग फॉरेस्टसाठी ठेवा. सेंट्रल लाइनची ट्यूब पकडायची, लाउटनला उतरायचं आणि चालत सुटायचं. तिकीट-बिकीट काही नाही. फक्त चिखलात चालतील असे बूट घाला.

आत शिरलात की झाडं जरा विचित्र वाटतील. आखूड, जाडजूड बुंधा आणि डोक्याच्या वर एकदम पंजासारख्या फुटलेल्या फांद्या. ही कुऱ्हाडीची करामत! गावकरी शेकडो वर्षं सरपणासाठी फांद्या तोडायचे, पण उंचावरच. म्हणजे नवे कोंब गुरांच्या, हरणांच्या तोंडी लागायचे नाहीत. झाड मरायचं नाही, उलट जास्त जगायचं.

एकोणिसाव्या शतकात जमीनदार इथे कुंपणं घालू लागले. लाउटनचा मजूर थॉमस विलिंगेल मात्र हटला नाही. फांद्या तोडणं हा त्याच्यासाठी हक्क होता. १८६६ मध्ये त्यापायी त्याच्या घरातले तुरुंगात गेले. पुढे लढा कोर्टात पोचला आणि १८७८ च्या कायद्याने जंगल सगळ्यांसाठी खुलं राहिलं. पण त्याच कायद्याने फांद्या तोडायचा हक्कही गेला! भरपाई म्हणून गावाला 'लॉपिंग हॉल' मिळाला. विलिंगेल तोवर हयात नव्हता.

तेव्हा तिथल्या एखाद्या बुंध्याला टेकून सेल्फी काढाल, तर आधी मान वर करून त्या फांद्या बघा. तुम्ही आज तिथे फुकट फिरताय, ते कुणीतरी कुऱ्हाड खाली ठेवायला नकार दिला म्हणून.