नौकानयनातील गट

शर्यतीची आठ वल्ह्यांची नौका सुमारे १७ मीटर लांब असते. परंतु ती इतकी अरुंद असते की, तीत दोन माणसे शेजारी-शेजारी बसू शकत नाहीत. आठही गडी एकामागे एक बसतात व प्रत्येकाच्या हाती एकच वल्हे असते. नवल असे की, नौका ज्या दिशेने धावते, त्या दिशेकडे या आठही जणांची पाठ असते. पुढचे पाणी पाहतो तो सुकाणू सांभाळणारा नववा गडी. त्याच्या इशाऱ्यावर आठही वल्ही एकाच क्षणी पाण्यात शिरली व एकाच क्षणी बाहेर आली, तरच नौका सरळ आणि वेगाने जाते.

एकाच्या वल्ह्याला उशीर झाला, तर नौकेचा तोल ढळतो. एका बाजूचा जोर अधिक पडला, तर ती वळू लागते. सराईत आणि नवखा यांस एकत्र बसविले, तर सराईताचे श्रम वाया जातात आणि नवख्याची दमछाक होते. म्हणूनच नौकानयनाच्या मंडळांत खेळाडूंचे गट पाडतात.

पहिला गट नवशिक्यांचा. त्यांना आधी पोहता यावे लागते. रुंद, स्थिर नौका आणि संथ पाणी यांवर त्यांचे शिक्षण सुरू होते. कुमारांचा गट निराळा असतो. आंतरराष्ट्रीय शर्यतींत त्याची मर्यादा १९ वर्षांखालील आहे. जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीचे अंतर २,००० मीटर असते. २७ व्या वर्षापासून ज्येष्ठांच्या गटात उतरता येते. तेथे अंतर १,००० मीटर असते आणि वयोमानानुसार पोटगटही असतात. त्यामुळे साठी उलटलेल्या गड्याला पंचविशीतील तरुणाशी झुंजावे लागत नाही.

अपंग खेळाडूंचे तीन गट आहेत. पहिल्या गटातील खेळाडू केवळ खांदे व हात यांच्या बळावर वल्हवितात. दुसऱ्या गटात हातांबरोबर धडाचाही उपयोग होतो. या दोन्ही गटांतील खेळाडूंची बैठक पक्की बसविलेली असते. तिसऱ्या गटातील खेळाडूंना पायांचाही काही उपयोग करता येतो. म्हणून त्यांना सरकती बैठक मिळते. २००८ साली बीजिंग येथे हा खेळ पॅरालिंपिक स्पर्धांत प्रथम आला. कोणाचे शरीर काय करू शकत नाही, यापेक्षा ते काय करू शकते, हे पाहून हे गट ठरविले आहेत.

गट हा कोणाच्याही कपाळावरचा कायमचा शिक्का नव्हे. जसजसे कौशल्य वाढते, तसतसा नवशिका पुढे सरकतो. नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोही या दुष्काळी गावचे दत्तू भोकनळ यांनी वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचे काम केले होते. २०१२ साली ते सैन्यात दाखल झाले. पुण्यास त्यांनी वल्हे हाती घेतले, तेव्हा त्यांना पाण्याची भीती वाटे. परंतु २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिकमध्ये एकट्याने वल्हवायच्या नौकेच्या शर्यतीत ते तेरावे आले. पुढे २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. ते मात्र एकट्याचे नव्हते. ते एका तालात वल्हविणाऱ्या चौघांचे होते.