समान विषय आणि छायाचित्रकाराची दृष्टी
एकच विषय अनेकांना दिल्यास छायाचित्रे एकसुरी होतील, ही भीती अनाठायी आहे. अमेरिकेच्या पुनर्वसन प्रशासनातील छायाचित्र-विभागाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांनी १९३६ मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट लिंड यांच्या सूचनांवरून सहकाऱ्यांसाठी विषयसूची सिद्ध केली. लोक संध्याकाळी घरी काय करतात? भिंतींवर काय टांगतात? प्रश्न साधेच, पण ‘दारिद्र्य’ टिपावयास निघालेला छायाचित्रकार परिचित प्रतिमेकडे वळतो, तर भिंत पाहावयास सांगितली म्हणजे त्याला स्वतः शोध घ्यावा लागतो. अशी निरनिराळी उत्तरे शेजारी मांडली की प्रत्येकाचा दृष्टिविशेष उमगतो. निवडीचा अधिकार मात्र विषय देणाऱ्याच्याच हाती एकवटू नये. नापसंत निगेटिव्हांना स्ट्रायकर छिद्रे पाडवीत! वॉकर इव्हान्ससारख्या स्वतंत्र वृत्तीच्या कलावंताचे त्यांच्याशी जमले नाही. १९३७ मध्ये त्यांना विभागातून वगळण्यात आले.