खानवेलच्या माथ्यावरील वृषभ

सिल्वासाच्या दक्षिणेस साकरतोंड नदीकाठी वसलेले खानवेल हे दादरा व नगर हवेलीतील गाव २० अंश उत्तर अक्षांशाच्या लगत आहे. यामुळे वृषभ राशीचे दर्शन येथे विशेष उत्तम घडते. डिसेंबरच्या प्रारंभी मध्यरात्रीच्या सुमारास कृत्तिकांचा पुंजका गावाच्या माथ्याच्या किंचित उत्तरेकडून, तर तांबूस रोहिणी किंचित दक्षिणेकडून जाते.

रोहिणी ही चंद्राची लाडकी पत्नी. दक्षाने आपल्या २७ कन्या चंद्रास दिल्या. परंतु तो रोहिणीपाशीच रमला, म्हणून दक्षाच्या शापाने त्यास क्षय जडला आणि प्रभासक्षेत्री त्याचे अंशतः निवारण झाले. या कथेस निरीक्षणाचा आधार आहे. चंद्र दरमहा रोहिणीजवळून जातो व काही वर्षे तिला झाकूनही टाकतो. २०१५ ते २०१८ या काळात पृथ्वीच्या कोठल्या ना कोठल्या भागातून हे पिधान दरमहा दिसत होते. ग्रीकांनी याच तारकांत युरोपा राजकन्येस पळविणारा बैल पाहिला. रोहिणी त्याचा डोळा होय. भोवतीच्या तारका सुमारे १५० प्रकाशवर्षे दूर असून रोहिणी अवघी ६५ प्रकाशवर्षांवर, म्हणजे त्यांच्या पुष्कळ अलीकडे आहे; ती त्या समूहातील नव्हेच.

शेतकऱ्याची रोहिणी मात्र निराळी. २५ मेच्या सुमारास ‘रोहिणी लागली’ असे म्हणतात, तेव्हा सूर्य त्या नक्षत्रात शिरलेला असतो व तारका त्याच्या तेजात लोपलेली असते. पुढे ८ जूनच्या आसपास मृग लागतो. पाऊस ऋतुमानाने येतो, नक्षत्रे तारकांवरून मोजली जातात. आणि पृथ्वीच्या अक्षाच्या संथ भ्रमणामुळे या दोहोंत सुमारे ७२ वर्षांत एका दिवसाचे अंतर पडते. सहाव्या शतकात, वराहमिहिराच्या काळी, सूर्य ऋतुमानाच्या हिशेबाने आजच्यापेक्षा सुमारे २० दिवस आधी रोहिणीत येत असे. नक्षत्रावरील श्रद्धा कितीही जुनी असो, भाताचे बी राबात टाकण्याचा दिवस ठरविताना जमिनीची ओल व हवामान खात्याचा अंदाज पाहणे इष्ट ठरते.

जूनअखेरीस रोहिणी पहाटे पूर्वेस पुन्हा उगवू लागते. पण तेव्हा खानवेलवर ढग दाटलेले असतात. तिचे निवांत दर्शन बहुधा दसऱ्यानंतर, आकाश निवळल्यावरच होते.