गाठ परत आली तर



आवणीच्या दिवसांत जव्हारकडच्या एका पाड्यावर गेले असता एका मुलीने बोट चिंधीत लपवलेले दिसले. काटा लागलेल्या जागी लाल कोंब आला आणि पाहता पाहता वाटाण्याएवढा झाला. चिखलात हात घातला की भळभळ रक्त. दवाखान्यात काढून आणला, तर तीन आठवड्यांत त्याच जागी पुन्हा उगवला. आजीने ठरवले, हे बाहेरचे आहे. आता दवाखाना नको, बिब्बा लावू.

डॉक्टर याला पायोजेनिक ग्रॅन्युलोमा म्हणतात. नावाचा अर्थ पू करणारा, पण त्यात पू नसतो. तो बारीक रक्तवाहिन्यांचा झुबका. कर्करोग नव्हे, एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. मुले, तरुण आणि गरोदर स्त्रिया यांच्यात जास्त आढळतो. गरोदरपणी हिरडीवर आलेला बाळंतपणानंतर बहुधा ओसरतो, म्हणून तिथे घाई करत नाहीत.

मग तो परत का येतो? वरचा कोंब निघतो, पण त्याला रक्त पुरवणारी मुळाशी असलेली वाहिनी राहून जाते. गवत कापले, मूळ तसेच. म्हणून बूड खरवडून विजेच्या उपकरणाने जाळतात. तरीही आला, तर त्वचेच्या पूर्ण जाडीपर्यंत कापून टाके घालतात. मग परतण्याची शक्यता फार कमी. लहान मुलांत काही वेळा टिमोलॉलचे थेंब वरून लावतात, पण डॉक्टरांनी सांगितले तरच. काढलेला तुकडा तपासणीला पाठवावाच, कारण क्वचित त्वचेचा कर्करोगही हुबेहूब असाच दिसतो.

बिब्ब्याने कातडी भाजते, गाठ जात नाही. रक्त आले तर स्वच्छ कापड 10 ते 15 मिनिटे घट्ट दाबून धरावे. मध्येच उघडून पाहायचे नाही. तिथेच सगळे चुकतात.

आजीला मी दोष देत नाही. शुभवर्तमानातल्या रक्तस्रावी स्त्रीनेही वैद्यांपायी सारे गमावले होतेच ना? आजीची दोन दिवसांची मजुरी बुडाली, एसटीचे भाडे गेले, आणि गाठ परत येऊ शकते हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

दुसऱ्या खेपेस आजी स्वतः सोबत आली. टाके पडले, तपासणीचा अहवालही चांगला आला. आता अशा रुग्णासाठी आम्ही पहिल्याच दिवशी दोन खेपांचे भाडे बाजूला ठेवतो.