आधी दुखणं की आधी झोप?

रक्ताचे रिपोर्ट चांगले, एक्स-रे चांगला, सांध्यांना सूज नाही. तरीही अंगभर ठणका. 1970च्या दशकात अशा रुग्णांना 'फायब्रोसायटिस' झालाय असं सांगत. आज त्यालाच फायब्रोमायल्जिया म्हणतात. रात्रभर झोपूनही सकाळी अंग आंबलेलंच, ही त्यांची ठरलेली तक्रार. दुखतंय म्हणून झोप लागत नसणार, असं म्हणून ती सोडून दिली जाई.

टोरंटोत मानसोपचारतज्ज्ञ हार्वी मोल्डॉफ्स्की आणि संधिवाततज्ज्ञ ह्यू स्माइद यांच्या गटाने 10 रुग्णांच्या मेंदूतल्या लहरी रात्रभर नोंदवल्या. गाढ झोपेत मेंदूत संथ डेल्टा लहरी उमटतात. सात जणांच्या आलेखावर त्यांच्यासोबत भलत्याच वेगवान लहरी धावत होत्या. त्या अल्फा लहरी होत्या, जागेपणी डोळे मिटून पडल्यावर उमटतात तशा. दार लावून निजावं आणि ओटीवर कुणी रात्रभर बोलत बसावं, तशी ती झोप.

पण हा दुखण्याचा परिणाम की त्याचं कारण? हे ठरवायला ज्यांचं काहीच दुखत नव्हतं अशी माणसं हवी होती. सहा निरोगी विद्यार्थी प्रयोगशाळेत झोपले. आलेखावर गाढ झोप दिसू लागली की आवाज करायचा. ती उथळ झाली की थांबायचं. असं ओळीने काही रात्री चाललं. त्यांच्याही झोपेत अल्फा लहरी शिरल्या, अंग दुखू लागलं, स्नायू दाबले की कळ येऊ लागली. नंतर त्यांना निवांत झोपू दिलं आणि त्रास ओसरला. 1975 साली हे प्रसिद्ध झालं.

एक शंका उरली: कोणतीही झोपमोड झाली तरी असंच होत असेल तर? 1976च्या प्रयोगात काहींची फक्त स्वप्नांची, म्हणजे रेम झोप मोडली. त्यांना तसा त्रास झाला नाही. दोष गाढ झोप मोडण्यातच होता.

पुढे अल्फा लहरी सगळ्याच रुग्णांत आढळल्या नाहीत, आणि हा आजार नसलेल्या काहींमध्येही दिसल्या. त्यामुळे त्यांच्यावरून निदान करता येत नाही. दुखणं झोप मोडतं आणि मोडकी झोप दुखणं वाढवते, असं आज मानतात. 1990चे अमेरिकी निकष शरीरावरचे 18 बिंदू दाबून त्यांतले किमान 11 दुखतात का, हे पाहत. 2010च्या निकषांत 'झोपून उठल्यावर ताजंतवानं न वाटणं' यालाही गुण आहेत. एकेकाळी सोडून दिलेली ती तक्रार आता निदानाच्या हिशेबात धरली जाते.